पुस्तकं मिटलेला दिवस

१

कुंभकोणमच्या त्या घरात चोरी झाली तेव्हा जिची वस्तू गेली ती घरात नव्हती. सुंदरी स्टेशनवर उभी होती, माझी वाट बघत. चोराला नेमकी हीच वेळ हवी होती.

नव्याण्णव सालचा ऑक्टोबर, सरस्वतीपूजेचा दिवस. मी पंकजा, तंजावरची. विमा कंपनीत चोरीच्या दाव्यांची तपासणी करते. लोक माझ्याशी खोटं बोलतात आणि ते ऐकून घ्यायचा मला पगार मिळतो.

सुंदरीला मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. आमची ओळख चॅटवरची. तंजावरच्या एका इंटरनेटच्या दुकानात बसून मी एकदा सहज टाइप केलं होतं, 'या बाजूला कोणी घरात मराठी बोलतं का?' पलीकडून 'तुळस' नावाच्या कोणीतरी लिहिलं, 'घरात बोलते. घरातच असते.' त्या दोन वाक्यांनी मी तिची झाले. मी 'कोतवाल' नाव घेतलं होतं. त्यावर ती महिनाभर हसत होती.

पॅसेंजर उशिरा निघाली. इंजिनाला दोन्ही बाजूंनी केळीची झाडं बांधली होती, झेंडूच्या माळा होत्या, आणि ड्रायव्हर नवरदेवासारखा खिडकीत बसला होता. पापनाशमला एक बाई डब्यात चढली आणि सगळ्यांना पुडीतून हरभऱ्याची उसळ वाटत गेली, ओळख ना पाळख. मी खाल्ली.

कुंभकोणमला उतरले. तिरुनागेश्वरमला निघालेल्या यात्रेकरूंच्या गर्दीतून एक बारीक बाई खुणेसाठी आणलेल्या माझ्या जांभळ्या छत्रीकडे सरळ चालत आली.

"कोतवाल?"

"तुळस?"

"मी तुम्हांला जाडी समजत होते," ती म्हणाली. "लिहितां तशा."

वाटेत तिने सगळं सांगितलं. नवरा बालकृष्ण अपघातात गेला तेव्हापासून ती सासरीच. आता मद्रासच्या एका नव्या संगणक संस्थेने तिला शिकवायला बोलावलं होतं. मालक मुहूर्त मानणारा. उद्या विजयादशमीला दुपारी बाराच्या आत मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या उमेदवाराला. आज रात्रीच्या गाडीचं तिकीट तिच्या पिशवीत होतं.

"मग मला कशाला बोलावलंस?"

"घरातून निघताना माझ्या बाजूचं कोणीतरी उभं असावं म्हणून."

गावात त्या दिवशी टिळा नाही अशी वस्तू नव्हती. बसच्या तोंडावर गंध-कुंकू, न्हाव्याच्या कात्रीवर गंध-कुंकू, वाण्याच्या तराजूवर, रिक्षाच्या घंटीवर. चौकात फोडलेल्या कोहळ्यांतून पाय वाचवत आम्ही चक्रपाणीच्या देवळामागच्या गल्लीत शिरलो.

दारातल्या तिण्णैवर, म्हणजे आमच्याकडच्या त्या बसायच्या ओट्यावर, सुंदरीचे सासरे सेतुरामराव बसले होते. शेजारी सकाळचं वर्तमानपत्र, घडी न मोडलेलं.

"पॅसेंजर उशिरा आली," ते म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "केळी बांधत बसले असतील. मद्रासची मात्र वेळेवर सुटेल. या लाइनीवरची प्रत्येक गाडी मला शिट्टीवरून कळते. ही बाई कोण?"

"माझी मैत्रीण, अप्पा."

"कुठली?"

"कॉम्प्युटरमधली."

सेतुरामरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्या यंत्रातून आत्ताच बाहेर पडले होते.

आम्ही आत गेलो. सुंदरीच्या खोलीत खाटेवर तिची कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. तिने हात घातला. मग दोन्ही हात घातले. मग पिशवी खाटेवर उपडी केली.

साड्या होत्या, कंगवा होता. प्रमाणपत्रांची फाइल नव्हती.

२

"शेवटची कधी पाहिलीस?" मी विचारलं. धंद्यातला पहिला प्रश्न.

"पूजा झाली, आरती झाली, मग मी स्वतः पिशवीत घातली. आणि स्टेशनला निघाले."

म्हणजे घरात तेव्हा तिघं. सासरे, सासू धनलक्ष्मी आणि धाकटा दीर नरसिंह. सेतुरामराव तर पहिल्या दिवसापासून उघडपणे विरोधात. विधवा सून एकटी मद्रासला राहणार हे त्यांना पटत नव्हतं, आणि न पटलेलं गिळायची त्यांना सवय नव्हती. मी सरळ ओट्यावर गेले.

"फाइल तुम्ही घेतली का?"

ते चिडले नाहीत. "बाई, मला थांबवायचं असतं तर मी दारात आडवा पडलो असतो. चोरून कशाला?"

"मग कोणी घेतली?"

"ते तुम्ही शोधा. मला एवढंच माहीत, तुम्ही दोघी येईपर्यंत मी इथून उठलो नाही. या दारातून फक्त नरसिंह बाहेर गेला. त्याच्या दुकानाच्या पूजेला. एका हातात प्रसादाचं ताट, दुसऱ्या हातात सायकल, अंगावर धोतर-उपरणं. एवढी मोठी पुठ्ठ्याची फाइल त्यात मावत नाही. मागच्या दाराला कुलूप आहे, किल्ली धनलक्ष्मीच्या कमरेला."

म्हणजे फाइल घरातच होती. हे ऐकून सुंदरीला धीर आला. मला नाही आला. घरात लपवलेली वस्तू शोधणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी घरं शोधलेली नाहीत.

आम्ही तांदळाचं पिंप उपसलं. गाद्या उलटल्या, माळ्यावर चढलो, विहिरीच्या कठड्यामागे पाहिलं, सरपणाचा ढीग हलवला. एकच खोली राहिली, देवघर. दारातून सगळं दिसत होतं. समया, फुलं, आणि पाटावर रचलेला पुस्तकांचा ढीग, वर तांबडं रेशमी पातळ. शेजारी टाळ आणि सुंदरीची फुटपट्टीसुद्धा.

"हे मी पहाटे रचलं," धनलक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मोठी पुस्तकं खाली, लहान वर, चाचपून चाचपून. मग यांनी पूजा केली, प्रत्येकावर टिळा लावला, मी वरून पातळ घातलं. आता उद्या सकाळची पूजा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. वाचायचंही नाही. घरातला छापलेला कागद आज देवीचा."

"वर्तमानपत्रही?"

"ते पूजेनंतर आलं, म्हणून बाहेर आहे. त्याला बघत बसलेत सकाळपासून, उपाशी माणूस लाडवाला बघतो तसे." मग त्यांनी पदराआडून एक बाटली माझ्या हातात दिली. "हे डोळ्यांत घालायचं की कानांत, तेवढं बघ. बाटली वाचल्याचं देवी मनावर घेत नाही. मोतीबिंदू पिकलाय. मला आता तुझं तोंडही ढगासारखं दिसतंय."

"कानात," मी म्हणाले. "तुम्हांला काय वाटतं, सुंदरीने जावं का?"

त्यांनी कढई उतरवली. उत्तर द्यायच्या आधी मागे वळून ओट्याच्या दिशेने पाहिलं, दिसत नसतानाही.

"मला कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली.

३

नरसिंह हा माणूस कोणालाही आवडावा असा होता. तिशीचा, हसरा, बोलणं मऊ. गावात इंटरनेटचं पहिलं दुकान त्याचंच. फाइल गेल्याचं ऐकून तो मटकन खाली बसला.

"अय्यो वैनी. आजच्या दिवशी?"

तोही शोधायला लागला. सगळ्यांच्या आधी मोरीत डोकावून आला, मग विहिरीत वाकून पाहिलं. मी त्याला अंगणात गाठलं.

"अक्का, तुमच्याबद्दल वैनी खूप सांगते," तो म्हणाला. "तिला कॉम्प्युटर मी शिकवला, ठाऊक आहे ना? अप्पा नको म्हणत होते. मी म्हटलं, बाई विधवा झाली म्हणून तिने जात्यावर बसायचं का? जमाना बदलला."

"छान केलंत. आता दुकानात ती काय करते?"

"सगळंच. सकाळी उघडते, गिऱ्हाइकांना शिकवते, लोकांची ईमेलं टाइप करून देते. मी बाहेरची कामं बघतो."

"पगार?"

तो हसला. "घरच्या माणसाला पगार कसला, अक्का?"

मला अशी माणसं भेटतात. बाईला दार उघडून देतात, आणि दाराची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. पण मनाचा संशय दाव्याच्या कागदावर लिहिता येत नाही. तो दुकानाला गेला तेव्हा त्याच्याजवळ फाइल नव्हती, हे त्याच्या बापानेच सांगितलं होतं.

दुपार कलली. सुंदरी खाटेवर बसली होती, उपड्या पिशवीकडे बघत. रडत नव्हती. ते जास्त वाईट.

"आज रात्रीची चुकली तर?" मी विचारलं. "उद्या सकाळी काही आहे?"

"थांबा, बघतो," नरसिंह म्हणाला. बाहेरच्या खोलीत गेला आणि लगेच रेल्वेचं वेळापत्रक घेऊन आला. जाड, इंग्रजी, कोपरे दुमडलेलं, वर गंध-कुंकवाचा टिळा वाळलेला. फार न शोधता त्याने पान उघडलं. "सकाळची गाडी आहे. पण मद्रासला पोचते संध्याकाळी. बारा कधीच होऊन जातील. बसनेही तेच." त्याने पुस्तक मिटलं आणि सुंदरीच्या डोक्याजवळ हात नेऊन मागे घेतला. "वैनी, मनाला लावून घेऊ नकोस. फाइल कुठे जात नाही. चुकून कशात तरी गेली असेल, उद्या सापडेल बघ. आणि दुकान आहेच की तुझं."

सुंदरीने मान हलवली. खरंच हलवली, होकारार्थी.

ती मान हलताना पाहून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

४

धनलक्ष्मीबाईंनी पितळी डवऱ्यात, म्हणजे इथल्या खोलगट वाटीत, कॉफी आणली. मी ती घेऊन ओट्यावर सेतुरामरावांच्या शेजारी जाऊन बसले. आत बसवत नव्हतं.

त्यांचा हात वर्तमानपत्राकडे गेला, घडीपर्यंत पोचला आणि परत मांडीवर आला.

"वाचा की," मी म्हणाले. "कोण बघतंय?"

"ती बघते." त्यांनी मानेने देवघराकडे खूण केली. "चौसष्ट वर्षांचा झालो. या दिवशी एक अक्षर वाचलेलं नाही. मुलगा गेला त्या वर्षीही नाही."

समोरून एक हातगाडी गेली. गाडीवर टिळा, चाकांवर टिळा, आणि ढकलणाऱ्याने गंमत म्हणून गाडीला बांधलेल्या बकरीलाही टिळा. मी हसले. सकाळपासून इतके टिळे पाहिले होते की डोळ्यांना ते दिसेनासे झाले होते. माझ्याच नाही, सगळ्या गावाच्या.

कॉफी माझ्या हातात तशीच राहिली.

"सेतुरामराव, तुमच्या घरात रेल्वेचं वेळापत्रक आहे?"

"आहे."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? पूजेत. शब्दकोशाच्या वर. मीच टिळा लावला."

"सकाळी कोणी काढून दिलं का तुम्हांला?"

"मला कशाला लागतंय वेळापत्रक? मी काय आंधळा आहे की बहिरा?"

मी डवरा खाली ठेवला. "सगळ्यांना देवघरापाशी बोलवा. फाइल कुठे आहे ते मला कळलंय."

५

चौघं देवघराच्या दाराशी उभी राहिली. मी ते वेळापत्रक बाहेरच्या खोलीतून, रेडिओवरून उचलून आणलं आणि सेतुरामरावांच्या समोर धरलं. त्यांनी हात मागे घेतला, निखारा पुढे केल्यासारखा.

"हा टिळा तुमचा?"

ते वाकून बघत राहिले. "माझा. आधी गंध, मग कुंकू डाव्या बाजूला. असा मीच लावतो." मग त्यांनी रेशमी पातळाकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज खाली गेला. "हे बाहेर कसं?"

"तेच. टिळा आहे म्हणजे पूजा होताना हे ढिगात होतं. आता बाहेर आहे म्हणजे पूजेनंतर कोणीतरी पातळ उचललं. या घरात आज आम्ही तांदूळ उपसले, विहीर पाहिली. एकच जागा कोणी पाहिली नाही, कारण ती उद्या सकाळपर्यंत कोणी पाहणार नाही याची सगळ्यांना खात्री. चोरालाही."

मी वेळापत्रक काखेत धरलं.

"तिघांपैकी कोण? धनलक्ष्मीबाईंना बाटलीवरचं वाचता येत नाही, त्या बारीक इंग्रजी आकडे कशाला काढतील? सेतुरामरावांना गाड्या पाठ. या घरात वेळापत्रकाची गरज पडेल असा एकच माणूस आहे. आणि त्याला त्यात बघायचं होतं एवढंच. उद्या सकाळी ढीग उचलल्यावर फाइल मिळाली, तरी सकाळच्या गाडीने बाराच्या आत मद्रास गाठता येतं का? येत नाही. मग काम झालं. म्हणूनच मघाशी मी विचारल्यावर त्याला पान शोधावं लागलं नाही."

नरसिंह हसला. चांगलं हसला, सवयीचं. "अक्का, वेळापत्रक रेडिओवर पडलेलं होतं. मी उचललं."

"वर टिळा दिसला नाही?"

"आज कशावर टिळा नाही?"

"तेच तर चुकलं तुझं," मी म्हणाले. "गावातल्या बाकी सगळ्या टिळ्याच्या वस्तू बाहेर फिरतायत. या घरातलं टिळ्याचं पुस्तक बाहेर फिरत नाही. तू काढलंस, पाहिलंस, आणि परत ठेवायच्या आधी दुकानाच्या पूजेची वेळ झाली."

"सिद्ध करा. फाइल तिथे असलीच तर अम्माच्या हातून पहाटे गेली असेल. तिला दिसत नाही."

हे ऐकून धनलक्ष्मीबाईंनी मान वर केली. आतापर्यंत त्या कोणाकडे तोंड करून उभ्या आहेत ते मला कळत नव्हतं. आता कळलं.

"मी रचलं," त्या म्हणाल्या. "मी उचलते."

"उद्याच्या आधी?" सेतुरामराव म्हणाले. "धनलक्ष्मी."

"उद्याच्या आधी एकदा उचललं गेलंय. मोडायचं ते मोडलं."

"देवीचं आहे ते."

"मी घातलं ते देवीसाठी. वरून ज्याने कोणी घातलं ते कोणासाठी, ते बघू दे मला."

सेतुरामराव दारात उभे होते. आडवे पडायला हीच जागा होती. सुंदरीचा हात माझ्या हातात होता. गाडीला अजून वेळ होता, पण उद्या सकाळपर्यंत वेळ नव्हता, आणि हे त्या दारातल्या म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

ते बाजूला झाले. पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मी बघत नाही," म्हणाले.

धनलक्ष्मीबाईंनी पातळ काढून घडी घातली. मग एकेक पुस्तक उचलून, हाताने चाचपून, शेजारी ठेवत गेल्या. पोथी, टिळा. पंचांग, टिळा. बालकृष्णाचं गणिताचं पुस्तक, त्यावरून हात जरा जास्त वेळ फिरला, टिळा. मग शब्दकोशाच्या वर, वेळापत्रकाच्या जागी, पुठ्ठ्याची निळी फाइल.

"हिच्यावर टिळा आहे का, मुली?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग ही पहाटे माझ्या हातून गेलेली नाही." त्यांनी नरसिंहाच्या दिशेने फाइल धरली. दिशा बरोबर होती. "टिळा लावला तेव्हा ही नव्हती. आंधळी मी आहे, रे. तू माझ्यावर ढकलणार होतास."

नरसिंह म्हणाला, "ती गेली तर दुकान कोण बघणार? मी शिकवलं तिला. मी." त्याचा आवाज अजूनही मऊच होता. त्याला खरोखर वाटत होतं की त्याच्यावर अन्याय झाला.

"भावजी," सुंदरी म्हणाली. त्या दिवशी ती त्याच्याशी एवढंच बोलली. "मागितली असती तर मी तुम्हांला एखादी मुलगी शिकवून दिली असती." आणि कमरेची दुकानाची दुसरी किल्ली काढून तिने सासूच्या हातात ठेवली.

सासूने ती मुलाच्या हातात दिली. "उद्या तू उघड. सकाळी."

मग धनलक्ष्मीबाईंनी तबकातल्या गंधात बोट बुडवलं, मग कुंकवात, आणि फाइलवर चाचपत टिळा लावला. जरा वाकडा लागला.

"आता घेऊन जा," त्या म्हणाल्या.

आम्ही निघालो तेव्हा सेतुरामराव परत ओट्यावर बसले होते. सून पाया पडायला वाकली. त्यांनी आशीर्वाद दिला की नाही, मला ऐकू आलं नाही. ओठ हलले. मग त्यांनी वर्तमानपत्र उचललं, घडी मोडली आणि तोंडासमोर धरलं.

"मोडलंच आहे तर," कागदामागून म्हणाले. आणि आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा, "तिसऱ्या फलाटावर लागेल. पहिल्यावर उभ्या राहू नका."

गाडी तिसऱ्यावर लागली.

६

आठवडाभराने तंजावरच्या दुकानात मी चॅट उघडला. तुळस आधीच बसलेली होती.

'कोतवाल, बाराच्या आत पोचले. मालकांनी फाइल हातात घेतली, वरचा टिळा पाहिला आणि चपला काढल्या. मग उघडली.'

'घरून काही?'

'अप्पांचा फोन आला होता. तीन मिनिटं बोलले, सगळं गाड्यांबद्दल. दिवाळीला कोणती सोयीची, कुठे बदलावी लागत नाही. शेवटी म्हणाले, वेळापत्रक विकत घेऊ नकोस, मला विचार.'

'आणि भावजी?'

पडद्यावर अक्षरं उमटली.

'दुकान उघडतात म्हणे. गिऱ्हाईक विचारतं, ती बाई कुठे आहे?'

मी लिहिलं, 'मग काय सांगतात?'

'घरात नाही, असं सांगतात.'